40 वरून 22 टक्के: दक्षिण आफ्रिकेच्या वनस्पती-प्रकारांच्या मूल्यमापनाचे एक प्रकरण

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय जैवविविधता मूल्यमापनाच्या 2011 सालच्या अहवालानुसार देशातील जमिनीवरील परिसंस्था-प्रकारांपैकी, म्हणजेच वनस्पती-प्रकारांपैकी, 40 टक्के प्रकार धोक्यात होते. 2018 सालच्या मूल्यमापनात हा आकडा 22 टक्क्यांवर आला. मधल्या काळात नांगरट थांबली नव्हती, कोळशाच्या खाणी बंद पडल्या नव्हत्या आणि शहरेही पसरतच होती. उलट 1990 ते 2014 या काळात नैसर्गिक वनस्पती-आच्छादन वर्षाला सरासरी 0.12 टक्के या वेगाने नाहीसे होत होते, तो वेग 2014 ते 2018 मध्ये दुप्पट होऊन 0.24 टक्क्यांवर गेला होता. नाश वाढत असताना धोक्यातील प्रकारांचे प्रमाण मात्र जवळजवळ निम्मे झाले, ही वरवर पाहता न जुळणारी गोष्ट या प्रकरणाचा विषय आहे.

हे मूल्यमापन दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय जैवविविधता संस्था करते. 'सॅनबी' या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी ही संस्था 2004 सालच्या जैवविविधता कायद्याने स्थापन झाली. त्याच वर्षी पहिले देशव्यापी मूल्यमापन झाले, त्यानंतर 2011 आणि 2018 साली. एवढ्या सातत्याने, नकाशापासून राजपत्रापर्यंत सर्व टप्पे जोडून हे काम करणारे देश जगात मोजके आहेत, म्हणूनच त्यातले गुण आणि अडचणी दोन्ही बारकाईने पाहण्याजोगे आहेत. माझे मत आधीच सांगतो. देशपातळीवरची टक्केवारी हा या कामाचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. खरे मोल आहे ते प्रत्येक वनस्पती-प्रकारापुढे लिहिलेल्या दोन नोंदींचे: तो किती धोक्यात आहे आणि त्याला किती संरक्षण आहे.

नकाशा कोणासाठी काढला होता

वनस्पती-प्रकार किती धोक्यात आहेत हे मोजण्याआधी ते प्रकार कोणते आणि मुळात कुठवर पसरलेले होते हे ठरवावे लागते. दक्षिण आफ्रिकेत हे काम जॉन ॲकॉक्स या वनस्पतीशास्त्रज्ञाने केले. त्याने 1953 साली प्रसिद्ध केलेल्या नकाशात देशाची विभागणी 70 'वेल्ड'-प्रकारांत केली होती. वेल्ड म्हणजे तिथले मोकळे रान. कुठल्या रानात किती गुरे-मेंढ्या पोसता येतील आणि कोणती शेती जमेल, हा त्या विभागणीमागचा मुख्य विचार होता. त्यानंतर 1996 साली 68 प्रकारांचा नवा नकाशा आला, आणि 2006 साली लाडिस्लाव मुचिना आणि मायकेल रदरफर्ड यांच्या संपादनाखाली दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि तेव्हाचे स्वाझीलँड यांचा जो नकाशा तयार झाला त्यात नऊ बायोम, म्हणजे मोठे वनस्पती-विभाग, आणि सुमारे 440 प्रकार आहेत. 2018 च्या मूल्यमापनापर्यंत सुधारणा होत होत दक्षिण आफ्रिकेतील प्रकारांची संख्या 458 झाली.

70 वरून 458 हा बदल केवळ तपशिलाचा नाही, कारण एकक बदलले की निष्कर्षही बदलतो. ॲकॉक्सच्या नकाशात देशाच्या नैऋत्येकडील केपच्या सखल भागातील रेनोस्टरवेल्ड, म्हणजे करड्या झुडपांचे रान, हा जवळजवळ सगळा एकच किनारी प्रकार होता. आता त्यातून स्वार्टलँडच्या शेल खडकावरचा, ग्रॅनाइटवरचा आणि सिलक्रीटवरचा असे वेगळे प्रकार निघाले आहेत, आणि पूर्वेकडच्या ओव्हरबर्ग भागातील आणखी काही प्रकार स्वतंत्र मानले गेले आहेत. मोठ्या एककात एका कोपऱ्यातला नाश दुसऱ्या कोपऱ्यातल्या शिलकीखाली झाकला जातो, लहान एककात तो उघडा पडतो. पण एकके बारीक करत गेलो तर छोट्या क्षेत्राच्या प्रकारांची संख्या वाढते, आणि छोटे क्षेत्र हाच धोक्याचा एक निकष असल्याने टक्केवारीही वर सरकू शकते. त्यामुळे प्रकारांची यादी वनस्पतीशास्त्राच्या आधारावर, म्हणजे खडक, माती, पाऊस आणि प्रत्यक्ष नोंदवलेल्या जातींवरून ठरावी आणि धोका मोजणाऱ्याने ती आपल्या सोयीने बदलू नये, ही शिस्त महत्त्वाची आहे.

हा नकाशा आजच्या स्थितीचा नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. जोहान्सबर्गच्या रस्त्यांखाली आणि फ्री स्टेटच्या मक्याच्या शेतांखाली मुळात कोणती वनस्पती होती, याचा तो अंदाज आहे. जुन्या नोंदी, उरलेले तुकडे, भूगर्भ आणि हवामान यांवरून मूळ विस्तार रेखाटायचा, त्यावर उपग्रहाच्या प्रतिमांवरून तयार केलेला भू-आच्छादनाचा नकाशा ठेवायचा आणि शेती, खाणी, वनलागवड, धरणे व वस्ती यांनी व्यापलेले क्षेत्र वजा करायचे. जे उरते ते त्या प्रकाराचे शिल्लक क्षेत्र. सर्व प्रकारांचे गणित एकत्र केले तर देशातील सुमारे 22 टक्के नैसर्गिक वनस्पती-आच्छादन युरोपीय वसाहतीच्या काळापासून आजवर नष्ट झाले आहे, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा शेतीखाली गेलेल्या जमिनीचा आहे. हे 22 टक्के क्षेत्राचे आहेत आणि वरचे 22 टक्के प्रकारांच्या संख्येचे. दोन आकडे सारखे आले हा निव्वळ योगायोग असून बातम्यांतून त्यांची सर्रास गल्लत होऊ शकते.

नकाशा कोणत्या कामासाठी काढला याचा परिणाम दूरवर होतो, आणि महाराष्ट्राच्या वाचकाला त्याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. भारतात आजही वनविभागाच्या कार्य-आयोजनांत चॅम्पियन आणि सेठ यांचे 1968 सालचे वर्गीकरण वापरले जाते. ते वनांचे वर्गीकरण असल्याने त्यात कोरड्या गवताळ प्रदेशाला '5/डीएस4' हा संकेतांक आहे आणि त्यातील 'डीएस' म्हणजे अवनत अवस्था. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या माळरानाचा एखादा पट्टा मुळातच गवताळ असेल, ही शक्यता त्या चौकटीत मांडताच येत नाही. जो प्रकार यादीत स्वतंत्रपणे नाही, तो किती धोक्यात आहे हा प्रश्नही कुणी विचारत नाही. दक्षिण आफ्रिकेने चराईसाठी काढलेल्या नकाशापासून सुरुवात करून पन्नास वर्षांत वनस्पतीशास्त्रीय नकाशापर्यंत मजल मारली, हे या प्रकरणातले मला सर्वांत मोठे पाऊल वाटते.

मोजपट्टी बदलली

आता 40 आणि 22 चा उलगडा. 2011 पर्यंत वापरलेली पद्धत दक्षिण आफ्रिकेने स्वतः विकसित केली होती. तिच्यात प्रत्येक प्रकाराला एक 'जैवविविधता लक्ष्य' दिले जाई. त्या प्रकारातील बहुतेक जाती टिकवायच्या तर मूळ विस्ताराचा किती भाग राखावा लागेल, याचा हा अंदाज. क्षेत्र वाढते तशा जाती कशा वाढत जातात या संबंधावरून तो काढला जाई आणि तो साधारण 16 ते 36 टक्क्यांदरम्यान येई. जातींनी समृद्ध प्रकाराला मोठे लक्ष्य, एकसुरी प्रकाराला लहान. शिल्लक क्षेत्र लक्ष्याइतके किंवा त्याहून कमी असेल तर प्रकार 'अतिसंकटग्रस्त', लक्ष्यात मूळ विस्ताराचे आणखी 15 टक्के मिळवून येणाऱ्या पातळीपर्यंत असेल तर 'संकटग्रस्त' आणि मूळ विस्ताराच्या 60 टक्क्यांपर्यंत असेल तर 'असुरक्षित'.

दरम्यान आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, धोक्यातील जातींच्या 'लाल यादी'च्या धर्तीवर परिसंस्थांच्या लाल यादीचे निकष तयार केले आणि 2014 साली ते औपचारिकपणे स्वीकारले. दक्षिण आफ्रिकेने 2018 च्या मूल्यमापनात हेच निकष लावले. त्यांत 1750 पासूनचा ऐतिहासिक ऱ्हास मोजताना 90 टक्के विस्तार गेला असेल तर अतिसंकटग्रस्त, 70 टक्के गेला असेल तर संकटग्रस्त आणि 50 टक्के गेला असेल तर असुरक्षित, अशा पायऱ्या आहेत. सर्व प्रकारांना एकच उंबरठा लागू होतो आणि लक्ष्याची कल्पना त्यात नाही.

समजा एखाद्या प्रकाराचे लक्ष्य 24 टक्के होते. त्याचे 22 टक्के क्षेत्र शिल्लक असेल तर जुन्या पद्धतीने तो अतिसंकटग्रस्त ठरे. नव्या निकषाने त्याचा ऱ्हास 78 टक्के, म्हणून तो केवळ संकटग्रस्त. 38 टक्के शिल्लक असेल तर जुन्या हिशेबाने संकटग्रस्त, नव्याने असुरक्षित. आणि 55 टक्के शिल्लक असेल तर जुन्या पद्धतीत असुरक्षित म्हणून नोंदला जाणारा तो प्रकार या निकषापुरता धोक्याच्या यादीतूनच बाहेर पडतो, कारण त्याचा ऱ्हास 50 टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे रानात एक गवताचे पातेही न बदलता प्रकार एक पायरी खाली येतो. 2018 मध्ये 458 पैकी 35 प्रकार अतिसंकटग्रस्त, 39 संकटग्रस्त आणि 29 असुरक्षित ठरले. मिळून 103, म्हणजेच 22 टक्के.

नव्या निकषांनी केवळ सूट दिली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्यात मुळातच लहान विस्तार असलेल्या आणि सतत घटत चाललेल्या प्रकारांसाठी स्वतंत्र निकष आहे. प्रकाराची सर्व ठिकाणे वेढणारे क्षेत्र 2,000 चौरस किलोमीटरच्या आत असेल आणि घट चालू असेल, तर तो थेट अतिसंकटग्रस्त ठरतो. केपच्या सखल भागातल्या चिमुकल्या प्रकारांना याचा उपयोग झाला. शिवाय अलीकडच्या ऱ्हासाचा वेग पन्नास वर्षांवर विस्तारून पाहण्याची सोय आहे, ती जुन्या पद्धतीत नव्हती. आणि इतर देशांशी तुलना करता येणे हा लाभही लहान नाही. तरीही मला जुन्या पद्धतीतली एक गोष्ट गमावल्यासारखी वाटते. लक्ष्य हे त्या-त्या वनस्पतीच्या स्वभावातून येत होते. फाइनबॉस, म्हणजे केपमधले जातींनी समृद्ध झुडपी रान, आणि वाळवंट यांना एकाच उंबरठ्यावर उभे करताना ती सूक्ष्मता गेली.

2011 आणि 2018 या दोन आकड्यांत 'सुधारणा' वाचणे चुकीचे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. कल पाहायचा असेल तर जुनी माहितीही नव्याच निकषांनी तपासून मग तुलना करावी लागते, आणि तसे केल्यावर परिस्थिती बिघडतच असल्याचे दिसते.

संरक्षण कुठे आहे आणि कशामुळे

दुसरी नोंद संरक्षण-पातळीची. संरक्षित क्षेत्रांच्या कायद्याखाली अधिसूचित जागांत एखाद्या प्रकाराचा किती भाग येतो, हे त्याच्या जैवविविधता लक्ष्याशी (ते इथे अजूनही वापरतात) ताडून पाहिले जाते. लक्ष्य पूर्ण भरत असेल तर 'सुसंरक्षित', अर्ध्यापेक्षा जास्त भरत असेल तर 'मध्यम', 5 टक्क्यांपासून अर्ध्यापर्यंत भरत असेल तर 'अपुरे', त्याहून कमी असेल तर 'असंरक्षित'. आपण होऊन राखलेली, पण कायद्याने बांधलेली नसलेली खासगी शिकार-राने या हिशेबात धरत नाहीत. ही कठोरता योग्य आहे, कारण जमीन विकली गेली की असे संरक्षण एका रात्रीत संपू शकते.

देशाच्या जमिनीचा सुमारे 9 टक्के भाग संरक्षित आहे. पण तो कुठे आहे ते पाहिले की त्यामागचा इतिहास दिसू लागतो. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाचा सखल सॅव्हाना सुसंरक्षित आहे. तिथे मलेरिया होता, गुरांना त्सेत्से माशीमुळे होणारा नागाना रोग होता, त्यामुळे शेतकऱ्यांना ती जमीन फारशी नको होती. केपच्या डोंगरांवरचा फाइनबॉसही बऱ्यापैकी सुरक्षित आहे, कारण तिथली वालुकाश्माची माती निकस आहे आणि त्याच डोंगरांतून शहरांचे व फळबागांचे पाणी येत असल्याने डोंगरी पाणलोटांसाठी 1970 सालीच कायदा झाला होता. याउलट ज्या जमिनीवर मका किंवा गहू पिकतो, जिच्याखाली कोळसा आहे, ती कोणी राखून ठेवली नाही. म्पुमलांगा आणि फ्री स्टेट या प्रांतांतील हायवेल्ड या उंच पठारावरचा गवताळ प्रदेश म्हणूनच धोक्यातही आहे आणि असंरक्षितही. कारू या अर्धवाळवंटी भागातील विस्तीर्ण प्रकारांची स्थिती आणखी निराळी आहे. तिथे जमीन फारशी नष्ट झालेली नाही आणि संरक्षणही जवळजवळ नाही. जमीन तुलनेने स्वस्त असल्याने तिथे संरक्षित क्षेत्र वाढवणे सोपे, आणि तसे केल्याने देशाची संरक्षणाची टक्केवारी झटपट सुधारते. पण ज्या प्रकारांची वेळ संपत आली आहे त्यांना त्याचा काहीच उपयोग नाही. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तरच हा फरक लक्षात येतो.

जवळून पाहिलेले दोन तुकडे

केप टाऊनच्या उत्तरेला स्वार्टलँडमध्ये शेल खडकाची सुपीक चिकणमाती आहे आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. गव्हाला याहून चांगले काय हवे? इथला शेल रेनोस्टरवेल्ड नव्वद टक्क्यांहून अधिक नांगरला गेला आहे. जे उरले ते नांगर चढू शकला नाही अशा उतारांवर, खडकाळ टेकड्यांच्या माथ्यांवर आणि ओढ्यांच्या काठाने. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हिरव्या गव्हात मध्येच करड्या झुडपांचे बेट दिसते, आणि जवळ गेल्यावर त्यात कंदवर्गीय फुलांची अशी दाटी असते की त्या करड्या रंगावरून तिची कल्पनाही येत नाही. यातील पुष्कळ तुकडे काही हेक्टरांचे आहेत आणि जवळजवळ सर्वच खासगी शेतांत आहेत.

दुसरा तुकडा शहरात आहे. केप फ्लॅट्सचा वाळूवरचा फाइनबॉस हा प्रकार केप टाऊनखेरीज जगात कुठेच नाही, आणि केप टाऊन शहर त्याच्यावरच पसरले आहे. त्याचा एक चांगला अवशेष केनिलवर्थच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात, धावपट्टीने वेढलेल्या 52 हेक्टरांत टिकला. 1882 पासून तिथे शर्यती होत असल्याने आतली जमीन बांधकामापासून वाचली. तिथल्या हिवाळी डबक्यांत नखाएवढा मायक्रो फ्रॉग हा बेडूक राहतो. याच प्रकारातली एरिका व्हर्टिसिलाटा ही झुडपी जात निसर्गातून पूर्णपणे नाहीशी झाली होती. प्रिटोरियातील एका उद्यानात आणि लंडनच्या क्यू उद्यानात लागवडीत टिकलेल्या रोपांपासून ती वाढवून केनिलवर्थ, रोंडेव्हले आणि टोकाई इथे पुन्हा लावली गेली. म्हणजे जातीचा जीव वाचला, पण तो वाचण्याला अर्थ आला तो त्या प्रकाराचा थोडा तरी भाग जमिनीवर उरला होता म्हणून.

यादीला कायद्याचे बळ

जैवविविधता कायद्याच्या कलम 52 नुसार धोक्यातील परिसंस्थांची यादी सरकार राजपत्रात प्रसिद्ध करू शकते. पहिली यादी डिसेंबर 2011 मध्ये आली. तिच्यात 225 परिसंस्था होत्या: 53 अतिसंकटग्रस्त, 64 संकटग्रस्त, 108 असुरक्षित. त्यांतल्या काही राष्ट्रीय नकाशातले वनस्पती-प्रकार नव्हते, तर प्रांतांच्या संवर्धन-आराखड्यांतून आलेल्या अग्रक्रमाच्या जागा होत्या. नोव्हेंबर 2022 मध्ये नव्या निकषांची सुधारित यादी आली. तिच्यात एकूण संख्या 120 वर उतरली, पण अतिसंकटग्रस्त 55 झाले, संकटग्रस्त 51 आणि असुरक्षित फक्त 14. 'असुरक्षित'चा मोठा गट गळाला आणि 'अतिसंकटग्रस्त'चा टोकाचा गट किंचित वाढला, हे मोजपट्टीच्या बदलाचे अगदी अपेक्षित रूप आहे.

ही यादी इतकी महत्त्वाची का? पर्यावरण-मंजुरीच्या नियमांनुसार देशात सामान्यतः एक हेक्टर किंवा अधिक मूळ वनस्पती काढायची असेल तर परवानगी लागते. यादीतील अतिसंकटग्रस्त किंवा संकटग्रस्त परिसंस्थेत मात्र 300 चौरस मीटरलाच लागते. एका हेक्टरात 10,000 चौरस मीटर असतात. म्हणजे वर्गीकरणाच्या एका पायरीने परवानगीचा उंबरठा तेहतीसपट खाली येतो. घर बांधणारा, द्राक्षमळा वाढवणारा, सौरऊर्जा प्रकल्प उभारणारा अशा प्रत्येकाला याची दखल घ्यावी लागते. म्हणूनच जो प्रकार 'संकटग्रस्त'वरून 'असुरक्षित'वर आला, त्याच्या बाबतीत हा बदल शास्त्रीय परिभाषेपुरता राहत नाही. त्या प्रकाराची जमीन आता सहज मोकळी होऊ शकते. पद्धत बदलताना हा परिणाम प्रत्येक प्रकारापुरता तपासून, जिथे उंबरठा बदलतो तिथे प्रांतांच्या आराखड्यांतून तो भरून काढणे आवश्यक होते आणि आहे.

उपग्रहाला न दिसणारे

या सगळ्या हिशेबाचा आधार 'शिल्लक' क्षेत्र आहे, आणि शिल्लक म्हणजे धडधाकट असे नव्हे. आययूसीएनच्या निकषांत पर्यावरणाची अवनती आणि जैविक प्रक्रियांचा बिघाड यांनाही जागा आहे, पण देशभराची तशी माहिती जमवणे फार कठीण. ईस्टर्न केपमधील स्पेकबूम या मांसल पानांच्या झुडपाची दाट झाडोरी शेळ्यांनी खाऊन विरळ केली, तरी नुसत्या भू-आच्छादनाच्या नकाशात ती नैसर्गिक म्हणून मोजली जाऊ शकते. परदेशी बाभूळवर्गीय झाडांनी ग्रासलेला फाइनबॉसही असाच फसवतो.

केपच्या सखल भागातले एक संशोधन याबाबत बोलके आहे. तिथल्या काही ऑर्किडांच्या फुलांत मधाऐवजी तेल असते आणि ते गोळा करणारी रेडिव्हिवा पेरिंगेयी ही एकच मधमाशी त्यांचे परागीभवन करते. शहराने वेढलेल्या लहान तुकड्यांतून ही माशी नाहीशी झाली आणि तिथल्या ऑर्किडांना बीज धरणे थांबले. झाडे कंदांच्या जोरावर वर्षानुवर्षे उभी राहतात, फुलतात आणि नकाशावर तो तुकडा शाबूत दिसतो.

म्हणून नुसती परवानगीची अट पुरेशी नाही, तुकड्याची निगाही लागते: ठरावीक वर्षांनी आग, चराईवर बंधन, घुसखोर झाडांची काढणी. दक्षिण आफ्रिकेत यासाठी जमीनमालकाशी करार करण्याची पद्धत रुजली आहे. मालक आपली जमीन निसर्ग-राखीव म्हणून जाहीर करतो, ते बंधन जमिनीच्या खातेदस्तावर नोंदवले जाते, राज्ययंत्रणा व्यवस्थापनाला मदत करते, आणि मालकी मालकाचीच राहते. दीर्घ मुदतीच्या अशा घोषणेसाठी प्राप्तिकर कायद्याच्या कलम 37डी नुसार जमिनीच्या मूल्याची वर्षाला 4 टक्के वजावट मिळते. असे क्षेत्र कायद्याने संरक्षित असल्याने संरक्षण-पातळीच्या हिशेबातही येते. स्वार्टलँडमधल्या एखाद्या शेतावरच्या तीस-चाळीस हेक्टरांच्या करारामुळे देशाच्या 9 टक्क्यांत दशांशालाही फरक पडत नाही. पण ज्या प्रकाराचे काही थोडेच तुकडे उरले आहेत आणि ज्याच्या संरक्षणाच्या रकान्यात आजवर जवळजवळ शून्य आहे, त्या प्रकाराच्या ओळीत तो फरक लगेच दिसतो, आणि पुढच्या मूल्यमापनात तो तिथेच शोधावा लागेल.